कस्तुराचं रान

नैरोबीहून मोंबासाला जाणारी गाडी त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानात शिरली की डब्यातली सगळी मंडळी खिडक्यांशी जमतात. लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती इथे रुळांपासून फार लांब नसतात. वोई स्टेशन जवळ येतं तेव्हा उजव्या हाताला, काटेरी झुडपांच्या कोरड्या माळापलीकडे, डोंगरांची एक निळी रांग वर येते. माथ्यावर बहुधा ढग बसलेला असतो. हे तैता डोंगर. त्यांच्यासाठी कुणी कॅमेरा उचललेला मला आठवत नाही.

मी मूळची पाटणची. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात वाढले आणि गेली कित्येक वर्षं नैरोबीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. नैरोबीच्या म्युझियमपासून दर बुधवारी सकाळी पक्षी बघणाऱ्यांचा एक गट निघतो. नेचर केनिया या संस्थेची ही जुनी प्रथा आहे. शाळेला सुट्टी असली की मीही त्यात असते. तैताबद्दल मी पहिल्यांदा मन लावून ऐकलं ते तिथेच. जगात इतर कुठेही नसलेले पक्षी त्या डोंगरांत आहेत आणि त्यांतला एक आपल्या डोळ्यांदेखत संपत चालला आहे, असं कळल्यावर मी तिथे जायला लागले ते आजपर्यंत.

केनियाच्या आग्नेय भागातून टांझानियात खोलवर गेलेली जुन्या डोंगरांची एक माळ आहे. तिला ईस्टर्न आर्क म्हणतात. तैता हे तिचं उत्तरेचं टोक आणि केनियाच्या हद्दीत आलेला तिचा एकमेव भाग. इथल्या वुरिया शिखरावरून आकाश निवळलं की किलीमांजारो दिसतो, पण तो ज्वालामुखी या डोंगरांपेक्षा वयाने कितीतरी लहान. खालचा माळ समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटरवर आहे, वुरियाची उंची २२०८ मीटर. हिंदी महासागरावरून निघालेला ओला वारा दीडेकशे किलोमीटर माळ ओलांडतो, वाटेत फारसं काही देत नाही, आणि या उभ्या कड्यांना थडकल्यावर वर चढून थंड होतो. मग धुकं, दव, पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हिमयुगांत आफ्रिका कोरडी पडत गेली, सखल भागातली जंगलं आक्रसली, तेव्हाही महासागराच्या या ओलीवर इथलं रान तगून राहिलं. खाली कोरडा माळ, वर हिरवी बेटं, आणि एका बेटावरच्या जिवाला दुसऱ्या बेटावर जायची सोय नाही. लाखो वर्षं असं गेलं की जे घडतं ते इथे घडलं आहे. ज्याचे भाईबंद आपण नर्सरीतून कुंडीत आणतो, त्या आफ्रिकन व्हायोलेटची एक जात फक्त म्बोलोलोच्या डोंगरावर उगवते. मातीत राहणारं तैताचं देवगांडूळ आपल्या पिलांना स्वतःच्या कातडीचा वरचा थर खाऊ घालतं. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी हे जगापुढे मांडलं तेव्हा मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं आणि मुलांना ते खरं वाटेना.

पक्ष्यांकडे येते. तैता कस्तूर हा आपल्याकडच्या कस्तुरांचाच भाऊबंद. डोकं आणि छाती काळपट, चोच नारिंगी, कुशीला तांबूस रंग, पोट पांढरं. तैता चष्मेवाला आपल्या चष्मेवाल्याहून करडा, आणि डोळ्याभोवतीचं पांढरं कडं चांगलं रुंद. तो शेजारच्या कासिगाऊ डोंगरावरही सापडतो. तिसरा तैता अपॅलिस. शिंपी आणि वटवट्या ज्या कुळातले त्याच कुळातला, बोटभर अंगाचा, लांब शेपटीचा, गळ्याशी गडद, फिकट डोळ्यांचा पक्षी. तिघांपैकी सर्वांत जास्त धोक्यात तोच आहे. (तैता ससाणा नावाचाही एक देखणा पक्षी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला या डोंगरांचं नाव मिळालं, पण तो आफ्रिकेच्या दक्षिणेपर्यंत इतरत्रही आढळतो, म्हणून त्याची गोष्ट निराळी.)

हे पक्षी ज्या रानात राहतात ते आता किती उरलं आहे? मूळ जंगलापैकी ९८ टक्के गेलं असा अभ्यासकांचा अंदाज वारंवार दिला जातो. उरलेल्यात तीन तुकडे मोठे म्हणावेत असे: म्बोलोलो सुमारे २०० हेक्टर, न्गांगाओ सुमारे १२०, आणि चाविआ त्याहून लहान. बाकी आठ-दहा ठिकाणी लहान लहान ठिपके. तिन्ही मोठे तुकडे एकत्र केले तरी पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. म्बोलोलो तर मुख्य दाविदा डोंगरापासून खोल दरीने तोडलेला, आणि ही दरी इतकी खाली उतरते की तिथे माळाचीच हवा लागते.

न्गांगाओत मला नेणारा वाटाड्या शेजारच्याच गावचा. तरुणपणी तो परदेशी आणि केनियन संशोधकांच्या हाताखाली पक्षी पकडून कडी चढवण्याचं काम करत असे. पहाटे बारीक जाळी लावायची, अर्ध्या-अर्ध्या तासाने बघायची, अडकलेलं पाखरू हलक्या हाताने सोडवून पिशवीत घालायचं. रानात शिरल्यावर मी सवयीने वर बघत होते, तर तो म्हणाला, "म्वालिमू, कस्तुरासाठी वर बघू नका. खाली बघा, आणि त्याआधी ऐका." स्वाहिलीत शिक्षकाला म्वालिमू म्हणतात, इथे माझं नाव तेच झालं आहे. आम्ही उभे राहिलो. पालापाचोळ्यात कुणीतरी उलथापालथ करत होतं. दोन पानं उडाली, थांबलं, पुन्हा दोन पानं. मग एका मुळाच्या आडून नारिंगी चोच दिसली.

तो आवाज समजून घेण्यासारखा आहे, कारण कस्तुराचं सगळं भवितव्य त्यात आहे. हा पक्षी जमिनीवर जगतो. पाचोळ्याखालचे किडे, अळ्या, गांडुळं आणि पडलेली फळं हे त्याचं खाणं. पाचोळा ओला आणि कुजलेला हवा, तरच त्याखाली जीव असतात. पाचोळा ओला राहायला वरून दाट सावली हवी, आणि ती एका उंचीची चालत नाही: वर मोठे वृक्ष, मध्ये लहान झाडं, खाली झुडपं, वेली, नेचे असे थर लागतात. वरचं छप्पर जरा विरळ झालं की ऊन जमिनीपर्यंत येतं, पाचोळा करकरीत वाळतो आणि कस्तूर उपाशी राहतो. झुडपांच्या गचपणात, शेतात, रानाच्या उजाड कडेला तो उतरत नाही. दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन किलोमीटर मक्याचं शेत असलं तर आपल्याला तेवढं अंतर काहीच वाटत नाही, पंख असलेल्याला तर त्याहून नाही, असं आपण समजतो. कस्तूर ते ओलांडत नाही. क्वचित एखादा ओलांडतो, आणि त्याची कडी दुसऱ्या रानातल्या जाळ्यात सापडते तेव्हा संशोधकांना आनंद होतो, इतकं ते दुर्मीळ.

बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातले लुक लेन्स, त्यांचे सहकारी आणि केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे लोक यांनी १९९० च्या दशकापासून इथे जे काम केलं, ते माझ्या मते संवर्धनाच्या शास्त्रातल्या अतिशय सुंदर कामांपैकी एक आहे. त्यांनी पाखरांचे पाय मोजले. डावा पाय आणि उजवा पाय, व्हर्नियर कॅलिपरने, पुन्हा पुन्हा. माझ्या वाटाड्याने दोन बोटांच्या चिमटीत काल्पनिक पाखरू धरून मला ते करून दाखवलं. पाखरू कसं उताणं धरायचं, श्वास कोंडू नये म्हणून अंगठा कुठे ठेवायचा, पहिला आकडा मनात न ठेवता दुसऱ्यांदा कसं मोजायचं, हे सगळं त्याच्या हातांना अजून पाठ आहे.

पायच का मोजायचे? कोणत्याही जिवाच्या शरीरात डावी आणि उजवी बाजू एकाच जनुकीय आराखड्यावरून बनते, म्हणून दोन्ही सारख्या व्हायला हव्यात. पण घरट्यातल्या पिलाला पुरेसं खाणं मिळालं नाही, आईबाप सतत ताणाखाली असले, हवा फार तापली-गारठली, तर बांधणीत बारीक चुका राहतात आणि मिलिमीटरच्या अंशाने एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. एकट्या पाखराचा असा फरक काही सांगत नाही. शेकडो पाखरं मोजली की मात्र रानाची प्रकृती कळते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सात जातींच्या पक्ष्यांमध्ये एकच चित्र होतं: म्बोलोलोच्या बऱ्यापैकी शाबूत रानात पाय सारखे, चाविआच्या सर्वांत विस्कटलेल्या रानात फरक सर्वांत जास्त. चाविआत त्या वेळी पाखरं दिसत होती, गात होती, बाहेरून सगळं बरं होतं. पायाच्या हाडांत मात्र रानाची उपासमार उतरली होती.

जनुकांच्या तपासणीतही चाविआच्या कस्तुरांत वैविध्य कमी निघालं. तिथे नर पुष्कळ आणि माद्या थोड्या अशीही स्थिती होती. त्या काळच्या अंदाजानुसार कस्तुरांची एकूण संख्या साधारण १३५० होती, आणि त्यांतले हजाराहून जास्त एकट्या म्बोलोलोत. न्गांगाओत अडीचशेच्या आसपास, चाविआत चाळीसही नाहीत. याले नावाच्या लहानशा तुकड्यात होते नव्हते ते संपले. २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच गटाने दाखवून दिलं की एखादी जात तुकड्यातुकड्यांच्या रानात टिकेल का, हे दोन गोष्टी मिळून ठरवतात: तिला मधली मोकळी जागा ओलांडता येते का, आणि बिघडलेल्या रानात राहणं तिला सोसतं का. दोन्ही नसेल तर ती जाते. या संशोधकांत म्वांगी गिथिरू हे केनियन शास्त्रज्ञ होते, आणि पुढे या शोधांवरून प्रत्यक्ष डोंगरावर काय करावं याचा आराखडा मांडण्यातही त्यांचा वाटा आहे. माझ्या केनियन विद्यार्थ्यांना मी हे नाव आवर्जून सांगते.

आता वरून पाहू. वुंडान्यी हे डोंगरातलं मुख्य गाव. तिथे हेलसिंकी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पेत्री पेलिक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ सालची हवाई छायाचित्रं आणि २००४ सालची छायाचित्रं शेजारी ठेवली. या पन्नास वर्षांत तैताचं देशी जंगल निम्म्याने घटलं होतं. पण झाडांनी झाकलेलं एकूण क्षेत्र मोजलं तर ते जवळजवळ तेवढंच होतं! गेलेल्या रानाच्या जागी आणि उघड्या खडकाळ उतारांवर पाईन, सायप्रस, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कुळातलं ब्लॅक वॉटल ही झाडं आली होती. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उतारावरची माती धरायची होती, लाकूड हवं होतं, ही झाडं झपाट्याने वाढतात. हिरवळीचा हिशेब करणाऱ्याला नकाशात खोट दिसली नसती.

पाईनखाली गेलं की खोट कुठे आहे ते पायांना कळतं. जमिनीवर सुयांची जाड, कोरडी गादी असते. निलगिरीखाली तेलकट पानांचा थर, जो कुजायला फार वेळ घेतो. मी बसून हाताने उकरून पाहिलं आहे. रानातल्या पाचोळ्यात मूठ घातली तर ती ओली आणि वळवळती निघते, इथे ती कोरडीच निघते.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. तैता कस्तुराचं शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये एडगर मर्न्स या अमेरिकन लष्करी डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने केलं आणि तो पक्षी गोळा करणाऱ्या एडमंड हेलरचं नाव त्याला दिलं. मर्न्सचं स्वतःचं नाव पुढे एका झाडाला मिळालं. ते झाड म्हणजे ब्लॅक वॉटल, अकेशिया मर्न्साय. मूळ ऑस्ट्रेलियातलं, पण त्याचा नमुना मर्न्सने पूर्व आफ्रिकेत गोळा केला होता. ज्याने कस्तुराची जगाला ओळख करून दिली, त्याच्याच नावाचं झाड आज कस्तुराच्या डोंगरावर त्याची जागा अडवून उभं आहे. आपल्या दक्षिणेतल्या निलगिरी पर्वतातही याच वॉटलने शोला रानं आणि गवताळ माळ गिळले आहेत.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा संबंध मला इथेच दिसतो. सामाजिक वनीकरणाच्या नावाने आपणही टेकड्याटेकड्यांवर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावत आलो. २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. कोटींत मोजणं सोपं असतं. त्या टेकडीवर आधी कुठलं गवत होतं, कुठली झुडपं होती, कोण तिथे घरटी करत होतं, हा प्रश्न कोटींच्या तक्त्यात बसत नाही. तैतामध्ये तो प्रश्न विचारला गेला, कारण तिथे मोजायला पाखरांचे पाय होते.

डोंगरावरच्या माणसांबद्दल न बोलता रानाबद्दल बोलणं मला पटत नाही. तैताचे उतार भरपूर पावसाचे आणि सुपीक, म्हणून दाट वस्तीचे. शेताला इथे शांबा म्हणतात. एकराच्या आतबाहेरचे हे शांबे पायऱ्यापायऱ्यांनी थेट रानाच्या कडेला भिडलेले असतात. मका, घेवडा, कोबी, टोमॅटो, आणि केनियात रोज ज्याशिवाय जेवण होत नाही ती सुकुमा विकीची भाजी. इथला भाजीपाला मोंबासाच्या बाजारात जातो. न्गांगाओच्या खालच्या अंगाला एका आजींचा शांबा आहे. रानातली माकडं येऊन त्यांचा मका मोडतात. चुलीला लाकूड लागतं. बांधावर निलगिरीची ओळ आहे, आणि नातवाची शाळेची फी भरायची वेळ आली की त्यांतलं एखादं झाड खांबासाठी विकलं जातं. मी त्यांना कस्तुराबद्दल सांगत होते. शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "म्वालिमू, ते पाखरू माझ्या वाडवडिलांच्या वेळेपासून इथे आहे, मला ते माहीत आहे. तुम्ही मला हे सांगा, निलगिरी काढली तर फी कशातून भरू?"

या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय इथे कुठलंही संवर्धन उभं राहणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि उत्तर देणं शक्य आहे. केनियाच्या २००५ च्या वन कायद्याने गावकऱ्यांना वनसंघ स्थापून वनखात्याबरोबर करार करण्याचा मार्ग खुला केला. २०१६ च्या नव्या कायद्यानेही तो ठेवला. त्यातून रानाकडेच्या लोकांना पडलेलं लाकूड, गवत, मधाच्या पेट्या यांचा हक्क मिळू शकतो. कागदावरचा हक्क चुलीपर्यंत पोचवायला वेळ लागतो, पण न्गांगाओच्या कडेला मी मधाच्या पेट्या पाहिल्या आहेत, आणि देशी झाडांच्या रोपवाटिकाही. रोपं गावातल्या बायका वाढवतात आणि विकतात.

रान राखण्याची बुद्धी इथे बाहेरून आलेली नाही हेही सांगायला हवं. तैता लोकांमध्ये फिघी नावाची पवित्र रानं होती. त्यांत कुऱ्हाड चालत नसे. रानाने गावाचं रक्षण करावं आणि गावाने रानाचं, असा तो करार. पूर्वजांच्या कवट्या ज्या कपारींत मांडून ठेवत, त्या जागाही अशाच सांभाळलेल्या. ख्रिस्ती धर्म आला, नवीन पिढी शहरात गेली, जुने विधी विरळ झाले, पण काही फिघी अजून उभ्या आहेत. पहिल्यांदा एका फिघीच्या कडेला उभी राहिले तेव्हा मला आमच्या भागातल्या देवरायांची आठवण झाली. नारळ-शेंदूर नव्हता, बाकी सगळं ओळखीचं होतं: आजूबाजूला उघडी जमीन आणि मध्ये जुन्या, वेलींनी वेढलेल्या झाडांचा एक गच्च पुंजका.

अपॅलिसची हकिकत कस्तुरापेक्षा कठीण आहे. हा पक्षी डोंगराच्या वरच्या पट्ट्यातच राहतो, १५०० मीटरच्या वर. २००१ मध्ये त्याची संख्या काही शे होती. २००९-१० च्या गणनेत ती शंभराच्या आसपास आली. सबंध जगातले एका जातीचे सगळे पक्षी एका वर्गातल्या मुलांइतके मोजता यावेत, ही कल्पना मला अजून सहन होत नाही. वुरियाच्या बाजूला म्सिदुन्यी इथल्या खाजगी जमिनीतल्या रानातही तो सापडला. हे रान सरकारी नव्हतं, उद्या कुणीही ते तोडून कोबी लावू शकलं असतं, आणि त्यात बेकायदा काही नसतं. नेचर केनियाने तिथली जमीन मालकांकडून विकत घ्यायला सुरुवात केली आणि ती पक्ष्यासाठी राखून ठेवली. पक्ष्यासाठी जमीन विकत घेणं हा उपाय महाग, आणि सगळीकडे चालणारा नाही. पण शंभर पक्षी उरले असताना चर्चासत्रं भरवत बसण्यापेक्षा सातबारा नावावर करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

कस्तुरासाठी मात्र जमीन विकत घेऊन भागणार नाही. त्याला तुकडे जोडून हवेत. त्यासाठी तुकड्यांच्या मधल्या परदेशी झाडांच्या पट्ट्यांचं हळूहळू देशी रान करायचं, असा मार्ग धरला आहे. पाईनचं रान एका दमात तोडणं ही घोडचूक ठरेल: उतार उघडा पडतो, माती वाहून जाते, ऊन शिरतं. त्यापेक्षा पाईनच्याच सावलीचा उपयोग करून घेता येतो. जुन्या पाईनखाली नीट पाहिलं तर देशी झाडांची रोपटी उगवलेली असतात. हार्टलाबच्या तुराकोसारखे फळं खाणारे पक्षी त्यांच्या बिया आणून टाकतात. ही रोपटी जपायची, वरचे पाईन थोडेथोडे विरळ करायचे, आणि मधल्या रिकाम्या जागी रोपवाटिकेतली रोपं लावायची. मकरांगा आणि शिरीषाच्या कुळातला अल्बिझिया यांसारखी झपाट्याने वाढणारी आधी, त्यांची सावली झाल्यावर न्यूटोनिया, प्रूनस, ओकोटिया ही सावकाश वाढणारी. ओकोटियाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही. ते ताजं असतानाच पेरावं लागतं, नाहीतर जुन्या झाडाच्या मुळांतून फुटणारे धुमारे जपावे लागतात. रोपवाटिकेतल्या बायकांना हे तोंडपाठ आहे. एका बाईने मला ओंजळभर बिया दाखवून कुठली उगवणार आणि कुठली किडीने पोखरलेली, हे नुसतं वजनावरून सांगितलं.

याला किती काळ लागेल? पाचोळ्याचा ओला थर तयार व्हायलाच एक पिढी जाईल. कुठलाही अहवाल, कुठलीही देणगी इतका काळ थांबायला तयार नसते. तीन-चार वर्षांत आकडे लागतात. म्हणून ज्या कामाचा निकाल आपल्या हयातीत दिसणार नाही ते करणाऱ्या या गावकऱ्यांना कायमची मजुरी मिळायला हवी. ती देण्यात केनियात येणाऱ्या पर्यटकाचा सरळ वाटा असू शकतो, आणि मुंबई-पुण्याहून मसाई माराला येणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता लहान नाही.

त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवते. मोंबासाच्या गाडीने वोईला उतरावं. वोईहून म्वाटाटेमार्गे वुंडान्यीला मटाटू, म्हणजे इथल्या छोट्या खाजगी बसगाड्या, जातात. घाटाचा रस्ता आहे, तासा-दीड तासात पोचता येतं. वुंडान्यीत राहायला साधी, स्वच्छ ठिकाणं मिळतात. मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा. या काळात वाटा निसरड्या होतात, म्हणून जून-जुलै किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरे. जून-जुलैत वर चांगली थंडी असते, स्वेटर लागेल. न्गांगाओत वनखात्याच्या चौकीवर रीतसर शुल्क भरून पावती घ्यावी. वाटाड्या स्थानिकच घ्यावा आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. पहाटे सहाला रानात असावं. अपॅलिस दिसावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायचा आग्रह कुणी धरू नये. नर तो आवाज ऐकून आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजतो, खाणं आणि घरटं सोडून शोधत हिंडतो, आणि इतक्या थोड्या पाखरांत एकाचाही दिवस वाया जाणं परवडणारं नाही. त्याऐवजी रोपवाटिकेत जावं आणि एका रोपाचे पैसे द्यावेत. कुठल्या झाडाचं द्यायचं असं तिथल्या बायकांनी विचारलं तर ओकोटिया म्हणावं.